कोऱ्या मेमरीतली पत्रिका

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. चौदा वर्षं नारायणगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतेय. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं, आणि शोधलं की ते सापडतंच... निदान माझा तरी तसा समज होता.

गेल्या उन्हाळ्यात बोरी बुद्रुकचे वसंतभाऊ डेस्कटॉप घेऊन आले. त्यांच्या पत्नी, सुनंदाताई, त्याच्यावर घरबसल्या लग्नपत्रिका टाईप करून द्यायच्या. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

"ताई, ह्याच्यात सगळ्यात फास्ट मेमरी टाका. पुण्याला पोरीला द्यायचाय. व्हिडिओचं काम करती ती."

"मग तिलाच विचारू ना, काय हवं ते."

"बोलत न्हाई ती माझ्याशी," एवढंच म्हणाले आणि स्टुलावर बसून राहिले.

मी जुनी हार्ड डिस्क काढून टेबलावर ठेवली. मेमरीच्या दोन नव्या, सीलबंद पट्ट्या बसवल्या. एवढी वेगवान मेमरी मी तपासल्याशिवाय देत नाही — पेन ड्राइव्हवरून टेस्ट चालवते. ती मेमरीच्या कानाकोपऱ्यात आकडे लिहिते, परत वाचते, जुळतात का बघते. साध्या वेगाला पहिली फेरी बिनचूक गेली. मग पूर्ण वेग लावला.

दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. पळणारे आकडे एकदम थांबले. स्क्रीन काळी झाली आणि तिच्यावर अक्षरं उमटली... मराठी! त्या प्रोग्रामला इंग्रजीशिवाय काही येतच नाही. मी मोठ्यानं वाचायला लागले — "मंगल परिणय... आयु. स्नेहल आणि आयु. निखिल..."

वसंतभाऊ ताडकन उठले. "काय म्हणाला? निखिल?"

स्क्रीनवर बोट ठेवून ते एकेक ओळ वाचत गेले. शेवटी होतं — आपले विनीत, वसंत आणि सुनंदा. तिथं बोट थांबलं.

"मला वाटलं व्हतं, माझं नाव गाळलं आसंल... पोरगा मला पसंत नव्हता. सुनंदा ही पत्रिका टाईप करताना दिसली अन् मी रागानं मेन स्विच पाडला. तिनं सेव्ह केलं नव्हतं. परत काय ती बसलीच न्हाई. आठ दिसांत गेली. ह्ये आजवर कुनाला बोललो न्हाई, ताई."

फोटो काढायला मी मोबाईल उचलला, तोवर मशीन रिस्टार्ट झालं.

पुढे तीन दिवस मी त्याच पट्ट्या तपासल्या. एकही एरर नाही. वीज गेली की मेमरी पुसली जाते, आणि ह्या तर कधी वापरलेल्याच नव्हत्या. डिस्क टेबलावर होती. निखिल हे नावही मी तेव्हाच पहिल्यांदा वाचलं.

वसंतभाऊ मशीन घेऊन पुण्याला गेले. स्विचचंही मुलीला सांगितलं. तिनं दारातच ऐकून घेतलं, मशीन घेतलं... आत या म्हणाली नाही.

महिन्याभरानं मला एक फोन आला. "मी स्नेहल. आमच्या अप्पांना तुमच्याकडे दिसलेल्या त्या पत्रिकेत लग्नाची तारीख होती का?"

"नाही. तारखेची जागा मोकळी होती."

मग ती म्हणाली, "अप्पा हो म्हणाल्याशिवाय मी तारीख टाकणार नाही, असं आई मला म्हणाली होती. अप्पांना हे माहीतच नाही."

फोन कट झाला. वसंतभाऊ अजूनही त्या दाराच्या आत गेलेले नाहीत. आणि त्या दुपारचं कारण... मी शोधलं, खूप शोधलं. मला सापडलेलं नाही.