बाबांच्या नावाची मूठ

सैतान ओळखीच्या माणसाच्या हातून घरात शिरतो, हे मी मिशनच्या पत्रकांतून शिकलो होतो. धुळ्याच्या मिशन आवारात वाढलेला मी, विशीच्या आतबाहेरचा. आमच्या घरी आलेला प्रत्येक डबा उघडून पाहत असे.

बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तरुणपणी एकट्याने बाप्तिस्मा घेऊन ते सोनगीरकडचं घर सोडून आले. त्यांचे थोरले भाऊ, आमचे आबा, वर्षातून एकदाच येत, आणि तेही नेमके श्रावणात, घरची कानबाई उठल्यावर, म्हणजे तिचं विसर्जन झाल्यावर. कानबाई म्हणजे त्यांची कुलदेवी. तिच्यासाठी गव्हाचा रोट करतात आणि पुढे काही दिवस पुरवून खातात, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. त्या आठवड्यात बाबा उपासनेत बसत, पण लक्ष फाटकाकडे असे. मला ते खटकायचं.

त्या वर्षी आबांनी ओट्यावर बसून फडक्याची गाठोडी पुढे केली. बाबांनी हात पुढे केला. मी मध्ये आलो.

"आबा, मूर्तीपुढचं अन्न या घरात येणार नाही."

आबा हसले. "पाद्री, सोडी तं देख. साप नही शे त्यामां."

आत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा होता.

"रोट भाईरना मानूसले देतस का आम्हीन? कुळनाच मानसे खातस तो. तुना बाप बाटना, तवयपासून त्याले रोट बंद."

मी ओशाळून बाबांकडे पाहिलं. त्यांचा हात अजून तसाच पुढे होता. मला ज्याची भीती वाटत होती, त्याचीच ते इतकी वर्षं वाट पाहत होते.

बाबांकडे वळताना आबांचा आवाज उतरला. "पन माय तुना नावनी मूठ काढस, भाऊ. दर साल."

रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठभर गहू काढतात. म्हणजे बाबा अजून त्या देवीच्या घरचेच होते. मी म्हणालो, "बाबा, आत्ता सांगा त्यांना, तुमची मूठ बंद करा म्हणून."

बाबांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, "आबा, मायले सांग, मनी मूठ नको काढू. मी प्रभुना शे."

"मी नही सांगाव. तू ये, नि तूच सांग."

बाबांनी चपला घातल्या. मीही उठलो.

"तू नको येऊस," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"आजी काय म्हणाली?"

"जेवायला बस म्हणाली."

ताटात रोट होता का, हे मी विचारलं नाही. असा प्रश्न गिळण्याची ती माझी पहिलीच वेळ. ती दया होती की माझ्या पहाऱ्यातली फट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.