अलार्म वाजला अन् पोरांनी डबे उघडले

मित्रहो, आज माझी अभ्यासिका नापास झाली अन् मी खुश आहो!

नगर परिषदेकडून फायर अलार्म तपासायला रश्मी आली होती. याच अभ्यासिकेत खिडकीजवळ बसून शिकलेली पोरगी, आता अग्निशमन अधिकारी.

तिनं अलार्म वाजवला. एकही पोरगं बाहेर पळालं नाही. सगळ्यांनी डबे उघडले! आवाज थेट फॅक्टरीच्या जेवणाच्या भोंग्यासारखा. आमच्या भद्रावतीत तो ऐकला की भूकच लागते.

मी म्हटलं, "वाजला ना? कर सही."

"नाई सर. मी इथी बसली असती तर मीपण डबाच उघडला असता. आधी आवाज बदला."

मले आधी रागच आला, पण पोरगी खरं तेच बोलली होती. मग तिचा नकाराचा कागद नोकरीले लागलेल्या पोरांचे फोटो आहेत त्या भिंतीवर लावला, तिच्याच फोटोखाली.

तुम्हाला कोण्या विद्यार्थ्यानं असं नापास केलंय का?