जादूघराच्या दारावरचा उखा

सुरतेतल्या लिंबायतच्या लोकांना बारसं करायला बारा दिवस लागत नाहीत. त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर गल्लीच्या तोंडाशी असलेलं जरीचं जुनं गोदाम कुणीतरी घेतलं, त्याला चुना मारला, आणि पहिल्याच रविवारी पंधरा-सोळा म्हातारे काळ्या कोटात, हातात चपट्या चामडी पेट्या घेऊन आत शिरले. दार बंद झालं. चुना वाळायच्या आत गल्लीनं नाव ठेवून टाकलं: जादूघर.

खरं सांगायचं तर तिथे चवलीचीही जादू नव्हती. ती होती फ्रीमेसन लोकांची लॉज. साहेबाच्या काळापासून चालत आलेला हा एक भाईचारा. पारशी, बोहरी, गुजराती, कुणी डॉक्टर, कुणी वकील. महिन्यातून एकदा बसायचं, कमरेला पांढरं एप्रन बांधायचं, जुने विधी करायचे, दवाखान्याला वगैरे मदत द्यायची आणि आपसातल्या खुणा बाहेर फोडायच्या नाहीत, एवढंच. तापीकडचा त्यांचा जुना बंगला पाडायला निघाला आणि एका सभासदाचं हे गोदाम मिळालं, म्हणून बिचारे इकडे आले. तिकडे बंगल्याला कंपाउंड होतं, आंब्याची सावली होती, दार लावलं तर कुणाच्या बापाचं काही जात नव्हतं. इकडे पडली खानदेशातून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आलेल्यांची वस्ती. इथे दिवसाढवळ्या दार लागतं ते फक्त भांडणाच्या घराचं. बाकी कुणीही कुणाच्याही चुलीपर्यंत जातं आणि वाटीभर पीठ मागून आणतं. दार लावून बसणारी माणसं म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच, असं गल्लीचं पक्कं मत. गल्लीतली कलाबाई तर शपथेवर सांगायची की आत कवटी आहे.

या दारावर बसायचा मान मिळाला उखाला. उखा अमळनेरकडचा. सतरा वर्षं लूमच्या खात्यात काढलेली. खातं म्हणजे कारखाना. एका पत्र्याखाली साठ लूम एकदम खडखडायचे. मालकानं जुने लूम भंगारात विकले आणि उखा पन्नाशीच्या आत घरी बसला. लॉजचे सेक्रेटरी केरसीशेठ दारवान शोधत होते. पगार बरा, मागे एक खोली राहायला. अट एकच. केरसीशेठांनी गुजरातीत विचारलं, "उखा, कान तेज आहेत ना तुझे? काम सगळं कानाचं आहे."

"एकदम तेज, सायेब," उखा म्हणाला.

आता गंमत बघा. उखाला केरसीशेठांचा एक शब्द ऐकू आला नव्हता. त्यानं ओठ वाचले होते. लूमच्या गोंगाटात कुणी कुणाचं ऐकत नाही, सगळी खात्यातली माणसं ओठांवरून बोलतात. ओडिया असो, भय्या असो, गुजराती असो, उखाला सगळ्यांचे ओठ कळायचे. पण त्याच गोंगाटानं दोन्ही कान खाल्ले होते. हे ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, धुरपदाबाईला. तिनं त्याच संध्याकाळी डोक्याला हात लावला. "कानना काम आनं तुमले ऐकू येत नही! कसं करशात?"

कसं केलं, तर हातानं. गोदामाच्या दाराला अडसर बाहेरून होता, कारण गोदामं बाहेरूनच बंद करतात. लॉजवाल्यांच्या रीतीत दारावरचा माणूस म्हणजे मोठी गोष्ट. आतून तीन ठोके आले की त्यानं तीन ठोक्यांनी उत्तर द्यायचं आणि मगच अडसर काढायचा. उखा दाराला तळहात लावून बसायचा. लूमचा एखादा दांडा ढिला झाला तर तो यंत्रावर हात ठेवून सांगायचा, तसंच हे. सागवानी फळीतून ठोका हाताला लागायचा. नऊ महिन्यांत एकदाही चूक नाही.

आणि त्याला ते काम आवडायचं हो. खात्यात त्याच्याकडे कुणी बघायचं ते फक्त कापडात दोष निघाला तर. इथे एवढी शिकलेली माणसं त्याच्या भरवशावर दार लावून निर्धास्त बसत होती. या वयात असं काम हातचं जाऊ नये, एवढंच त्याचं मागणं होतं. म्हणून तर तो खोटेपणा पोटात घेऊन बसला होता, आणि तो त्याला झोपेतही टोचायचा.

लॉजवालेही हळूहळू वळणावर येत होते. कोपऱ्यावर मारुतीची देवळी, म्हणून त्यांनी जेवणातले मटण कटलेट बंद केले. धुरपदाबाई वरण-बट्टी करायला लागली आणि डॉक्टरसाहेब, म्हणजे लॉजचे त्या वर्षीचे अध्यक्ष, चार-चार बट्ट्या खाऊन खुर्चीत पेंगायला लागले. ओट्यावर चपला काढायच्या हे शिकले. पाण्याचा माठ ठेवला. पण दार ते दार. ते बंदच.

मग आला पंधरा ऑगस्ट. चौऱ्याण्णव साल, वार सोमवार. सरकारी सुट्टी म्हणून केरसीशेठांनी सकाळी दहाची सभा लावली. एका नव्या इंजिनिअरला त्या दिवशी सभासद करून घ्यायचं होतं. उखाला एकदम कानबाई आठवली. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरात कानबाई देवी बसते आणि सोमवारी सकाळी विसर्जनाला उठते. खानदेशी माणूस अमेरिकेत असला तरी त्या दिवशी घर गाठतो. नारळाची कानबाई डोक्यावर घेऊन, ढोल लावून, सगळी गल्ली तापीवर निघते, आणि ती निघते गोदामाच्याच दारावरून.

त्यानं आदल्या आठवड्यात केरसीशेठांना सांगून बघितलं. "सायेब, सोमवारी सकाळी कानबाई आहे."

"कोण बाई?"

"कानबाई, सायेब. दारावरून जाईल."

केरसीशेठ भले माणूस. त्यांना वाटलं, गावाकडची कुणी पाहुणी असेल. "जाऊ दे ना मग. घाई नसेल तर दुपारी बोलाव, जेवून जाऊ दे तिला."

उखानं कपाळाला हात लावला. देवीला जेवायचं आमंत्रण! पण पुढे बोलायला गेलो तर पन्नास प्रश्न निघतील आणि एखादा प्रश्न आपण पाठमोरे असताना येईल, या भीतीनं तो गप्प बसला.

सोमवारी दहाला दार लागलं. साडेदहाला गल्लीच्या टोकाला मिरवणूक निघाली. उखाला ढोल ऐकू येत नव्हता, पण छातीत लागत होता. या दणक्यात आतला ठोका चुकला तर? म्हणून त्यानं गल्लीकडे पाठ केली, दाराकडे तोंड केलं आणि दोन्ही तळहात फळीला चिकटवले. नेमकं तिथेच घात झाला.

मिरवणूक गोदामापाशी आली. ढोलवाल्याची दोरी सैल पडली होती. त्यानं ढोल गोदामाच्या भिंतीला टेकवला, दोरी ताणली आणि बघायला म्हणून टिपरू हाणलं. एक. दोन. तीन.

उखाच्या हाताला तीन ठोके लागले, स्वच्छ. त्यानं तीन ठोक्यांनी उत्तर दिलं, अडसर काढला आणि दोन्ही दारं सताड उघडली.

अरे देवा! आत भर विधी चाललेला. पांढरे एप्रन बांधलेले चौदा म्हातारे रांगेत उभे. मधोमध तो इंजिनिअर, डोळ्यांवर पट्टी, पॅंटचा एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेला, गुडघ्यावर बसलेला. आणि बाहेर गुलालानं लाल झालेली सगळी गल्ली, पुढे कलाबाई, डोक्यावर कानबाई. ढोल थांबला. इंजिनिअरनं पट्टीतूनच विचारलं, "हे पण विधीतलं आहे का?"

कलाबाईनं आत नीट बघून घेतलं. कवटी-बिवटी काही दिसली नाही. गुडघ्यावर बसलेला तो माणूस बघून तिचा जीव कळवळला. "काय वो भाऊ," ती डॉक्टरसाहेबांना म्हणाली, "तुमना बी नवस शे का?"

डॉक्टरसाहेबांना अक्षर कळलं नाही. पण समोर देवी होती. त्यांनी हात जोडले, मग केरसीशेठांनी जोडले, मग सगळ्यांनी. कलाबाईनं मान डोलावली, ढोल पुन्हा सुरू झाला आणि मिरवणूक पुढे गेली. बायका आपसात म्हणत होत्या, "उगीच घाबरत होतो बाई, आपल्यासारखीच देवाधर्माची माणसं आहेत."

गल्लीचं भूत उतरलं, ते उखाच्या मानेवर बसलं. मिरवणुकीतून धुरपदाबाई बाहेर निघाली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं त्याला कळावं म्हणून सावकाश ओठ हलवले. "आते तरी खरं सांगी द्या. चोरी थोडीच करेल शे तुम्ही?"

अर्ध्या तासानं उखाला आत बोलावलं. इंजिनिअरनं पॅंटचा दुमडलेला पाय सरळ केला होता, कुणी हसत नव्हतं. सभासदांतले वकीलसाहेब तर रागानं लालबुंद. शंभर वर्षांत असं झालं नाही, हे त्यांनी तीनदा ऐकवलं. केरसीशेठ दुखावल्या चेहऱ्यानं एवढंच म्हणाले, "का उघडलंस रे?"

"सायेब, मी बहिरा आहे," उखा म्हणाला. "कामाला लागलो त्याच्या आधीपासून. खोटं बोललो. ओठ बघून बोलतो. ठोका हातानं धरतो. आज ढोलाचा धरला."

डॉक्टरसाहेब उठून त्याच्या मागे गेले आणि त्यांनी जोरात टाळी वाजवली. उखा समोरच बघत राहिला. समोरच्यांचे चेहरे पडले तेव्हा त्याला कळलं की मागे काहीतरी वाजलं होतं. त्याला फार शरम वाटली.

"दारावर बहिरा माणूस!" वकीलसाहेब म्हणाले. "आणि हातानं ऐकतो म्हणे. मला पटत नाही. नऊ महिने अंदाजानं उघडत असेल. दाखव बघू."

ठरलं असं. उखानं बाहेर जायचं, दार लावायचं. वकीलसाहेब आतून ठोके देतील, वाटेल तितके. उखानं तितकेच परत द्यायचे. एक जरी चुकला तर खोली रिकामी.

दार लागलं. उखानं तळहात टेकवले. पाच आले, त्यानं पाच दिले. एक आला; एक दिला. मग दोन, अगदी नखानं मारावेत तसे हलके. त्यानं दोन दिले. मग सात. सात दिले. मग चार, रुमाल गुंडाळून मारलेले असावेत, नुसते फुसके. त्यानं डोळे मिटून मोजले आणि चार दिले.

मग काहीच येईना.

उखा थांबला. हाताला फळी लागत होती, बाकी काही नाही. मिरवणूक लांब गेली होती, गल्ली रिकामी. समोरच्या ओट्यावर धुरपदाबाई पदराला गाठी मारत उभी. ठोका येऊन गेला असेल तर? एवढ्या वेळात वकील गप्प बसेल थोडाच! आपल्याच हातून सुटला असणार. तीन देऊन टाकू का? लॉजमध्ये सगळं तीनवर चालतं, तीनच असतील, बसला तर बसला अंदाज. त्यानं मूठ उचललीसुद्धा. नऊ महिने एक खोटं निभावलं होतं, आणखी एक काय जड होतं?

पण त्याच्यानं होईना. त्यानं मूठ खाली घेतली, तोंड फटीशी नेलं आणि ओरडून सांगितलं, "सायेब, माझ्या हाताला काही लागलं नाही! वाजवलं असेल तर ते माझ्याकडून गेलं!"

आता संपलं, असं म्हणून तो उभा राहिला. खोलीतलं सामान किती, ट्रंका दोन की तीन, हेही मनात येऊन गेलं. मग फळीतून तीन ठोके आले, सावकाश, एकेक. त्यानं उत्तर दिलं आणि अडसर काढला.

दारात वकीलसाहेब उभे होते. त्यांचा राग कुठे गेला होता कोण जाणे. ते उखाकडे नीट तोंड करून, एकेक शब्द वेगळा काढून म्हणाले, "मी वाजवलंच नव्हतं. दाराला हातसुद्धा लावला नव्हता." मग मागे वळून त्यांनी बाकीच्यांना काहीतरी सांगितलं. ते सांगत होते तोवर केरसीशेठही बोलायला लागले, डॉक्टरही, इंजिनिअरही, सगळे एकदम. कुणी इकडे बघत होतं, कुणी तिकडे.

उखा त्या हलणाऱ्या तोंडांकडे बघत राहिला. नऊ महिने अशा वेळी तो नुसती मान डोलवायचा, हसायचा, हो सायेब म्हणायचा. आज त्यानं मान डोलावली नाही.

"सायेब," तो म्हणाला, "मला ऐकू येत नाही. इकडे बघून बोला."

मग ती पंधरा माणसं वळली, त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि केरसीशेठांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.