गायकवाडकाकांचं पार्सल

गेल्या गुरुवारी दुपारी भवानी पेठेतल्या आमच्याच बिल्डिंगचा एक जिना चढून मी गायकवाडकाकांकडे गेलो. पाच वर्षांत पहिल्यांदा... आणि तेही त्यांच्या मुलीनं पाठवलं म्हणून.

आधी माझा पराक्रम सांगतो. जपानी कंपनीतल्या भाच्यानं मला तिकडच्या इंटरनेटवरचा एक शब्द सांगितला होता, रोज घरपोच जेवण मागवणाऱ्यांना हिणवणारा. तो मी तिखटमीठ लावून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. लोक पोट धरून हसले. इथे तो पुन्हा लिहीत नाही.

काका अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातून रिटायर झालेले. काकू गेल्यापासून एकटेच. मुलगी सुजाता बंगळुरूहून रोज दुपारी ॲपवर त्यांचं जेवण मागवायची. पोस्टनंतर तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. बाबांनी जेवण बंद करायला लावलंय, लोक हसतात म्हणाले... ते जेवतात तरी का, बघता का जरा?

काका भाकरी थापत होते. तव्यावरची टम्म फुगलेली. मला हायसं वाटलं. म्हटलं, इतकं छान येतंय तर बाहेरचं मागवत कशाला होता?

"येतंय की. ही आजारी हुती तवा दोन वर्सं मीच करत हुतो." भाकरी उलटून ते थांबले. "पार्सलवाला त्यो ओटीपीचा नंबर मागतो. त्यो येतो सुजाताच्या मोबाइलवर. एरवी फोन केला तर ती मिटिंगमदी असती. दारात मानूस हुबा हाय म्हटलं, की उचलती."

मी माफी मागितली. "तुमी माझं नाव कुटं घेतलं हुतं?" म्हणाले, आणि ताट वाढलं.

खाली येऊन पोस्ट काढून टाकली. सुजाताला सगळं सांगितलं. ती म्हणाली,

"मी बाबांना म्हटलं होतं, नंबर मेसेज करते. तर बाबा म्हणाले, मला मेसेज वाचता येत नाहीत."

माझी पोस्ट मात्र त्यांना वाचता आली होती...

हे काकांना विचारूनच लिहितोय. पार्सल पुन्हा सुरू झालंय; काल पार्सलवाला माझ्यासमोरून जिना उतरून गेला. तरी वर काकांचा सुजाताशी फोन चालूच होता. इतकं ओशाळून इतकं बरं वाटणं, हे मला नवीन आहे.