वायरमनच्या डोक्यात करंट

आमचं मालक धोंडीबा म्हंजी लाईटीचा माणूस. कवठेमहांकाळच्या वाड्यावस्त्यांवर लाईट गेली की लोक थेट आमच्या दारात. भरल्या ताटावरनं उठायचं आन् डांबावर चढायचं. त्याच्यापायी मी लय भांडले. "आवं, भाकरी तरी गिळा, लाईट काय पळून चाललीया?" पर ऐकतंय कोण.

त्यांचा एक नेम हुता, त्यो कुणाच्या बापाला मोडू दिला न्हाई. डांबावर चढायच्या आधी सबस्टेशनवरनं परमिट घ्यायचं, म्हंजी लाईन बंद केल्याचा शब्द. आन् काम झालं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच सोताच्या तोंडानं सांगायचं, "माणसं खाली उतरली, लाईन चालू करा." त्याच्यावतीनं दुसऱ्यानं सांगायचं न्हाई. त्यांचा जोडीदार अर्जुना तसाच गेला. त्यो वर असताना खालच्या कुणीतरी घाईनं सांगून टाकलं. अर्जुनाला डांबावरनं उतरवला त्यो आमच्या मालकांनीच.

पुढं मालकांचाच हात कापाय लागला. डॉक्टर म्हणालं, कंपवात हाय. आधी गोळ्यांवर भागलं, मग गोळ्या पुरंनात. सदऱ्याची गुंडी लागंना, चहाची बशी तोंडापत्तूर जाईना. आवाजबी बसला. लोक म्हणायचं, सकाळ सकाळच घेतली वाटतं. जल्मात दारूला शिवला न्हाई त्यो माणूस. लग्नाकार्यात मी त्यांचा उजवा हात माझ्या पदराखाली धरून बसायची, कुणाला दिसू नये म्हणून. मग त्यांनी लोकांत जायचंच सोडलं.

आमची लेक अक्षता मिरजेला नर्स हाय. तिनं पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी नीट समजावलं: मेंदूत बारीक तार बसवायची, छातीच्या कातड्याखाली बॅटरी ठिवायची आन् इवलासा करंट सोडायचा. आजार जाणार न्हाई, पर हात ताब्यात येईल.

मालक उठून उभंच. "करंट? डोक्यात? चल गं घरी."

गावात शेजारच्या बाळासोला तेवढंच पायजे हुतं. "धोंडीबा, सिंगल फेज का थ्री फेज रं? आन् लोडशेडिंग झालं की तू बी बंद का?"

माझं टाळकं फिरलं. म्हटलं, "बाळासो, तुझ्या डोक्यात कवाच लाईट आली न्हाई, तरी चाललंयच की तुझं."

एक दिवस, अक्षता सुट्टीला घरी आली हुती तवा, ताटातली आमटी सगळी मालकांच्या अंगावर सांडली. मी पुसाय गेले तर मालक तोंड फिरवून बसलं. मी म्हटलं, "एवढं भ्यायचं काय त्यात? तुमी तर जल्मभर करंटातच हात घातला."

तोंड न वळवताच बोललं. "मी तिथं तार लावून बसणार. आन् चालू करा म्हणून सांगणार दुसराच."

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. भ्या करंटाचं न्हवतं, अर्जुनाचं हुतं. अक्षतानं तिथल्या तिथं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बाई शहाणी. म्हणाली, "काका, तुम्ही स्वतः सांगितल्याशिवाय मी बटण दाबणार नाही. शब्द देते."

त्या शब्दावर माणूस ऑपरेशनला तयार झाला. तार बसली, बॅटरी बसली. टाके वाळल्यावर लाईन चालू करायला परत पुण्याला बोलावलं. त्या दिवशी सकाळची गोळी द्यायची न्हवती, म्हणून हात नुसता थडथडत हुता. मी सवयीनं त्यो पदराखाली घेतला.

बाईंनी हातात यंत्र धरलं. "काका, सांगा."

मालकांनी तोंड उघडलं. आवाज फुटंना. परत उघडलं, नुसती हवा. बाई थांबल्या. अक्षता माझ्याकडं बघाय लागली. माझ्या जिभेवर आलं हुतं, करा वो बाई चालू. संसारभर त्यांच्या वाटचं मीच बोलत आलीया. पर अर्जुना आठवला. दात आवळले आन् गप बसले. एवढी गप मी माझ्या लग्नातबी न्हवते.

मग आलं. बारीक, पर साफ. "माणसं खाली उतरली. लाईन चालू करा."

बाईंनी बटण दाबलं. जरा जरा वाढवत गेल्या. पदराखाली हात थडथडत हुता, मग कमी झाला, मग थांबला. मला वाटलं माझीच मूठ बधिर झाली. बघितलं, तर खरंच थांबला हुता. मी रडले, त्यात लपवायचं काय? इतक्या वर्सांचं वझं उतरलं बाई.

बाईंनी चहा मागवला. मालकांनी तोच हात फुडं करून बशी घेतली आन् घोट घोट प्याले. एक थेंब सांडला न्हाई. बशी खाली ठिवली तशी मी परत हात धरला.

"सोड गं," मालक म्हणालं. "लाईन चालू हाय. आता धरायचं नसतं."

"बसला धक्का तर बसू दे," मी म्हटलं. आन् हात तसाच धरून बसले, पदराच्या वर, सगळ्यांदेखत.