सुळक्यावरच्या खोबण्या

काल शहरातली मंडळी दावणीच्या जनावरागत स्वतःला दोराला बांधून आमच्या सुळक्यावर चढली. उतरल्यावर त्यांच्या म्होरक्यानं वहीत 'पहिली चढाई' असं लिहिलं.

मी म्हटलं, "दादा, माथ्याखाली मागच्या अंगाला अंगठ्याएवढ्या खोबण्या लागल्या का?"

तो चमकला. "बाबा, तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझ्या बापानं छिन्नीनं पाडल्यात. मधासाठी अनवाणी जायचो आम्ही."

वर गेलो हे गावात सांगायची आमच्यात रीत नव्हती. डोंगराला तोरा खपत नाही म्हणायचे. सुळक्याकडं बघताना वाटलं, आपण गप्प राहिलो की दुसराच पहिला ठरतो.

त्यानं ओळ खोडली. "नाव काय लिहू?"

मी बापाचं नाव सांगितलं. अक्षरं मला हळू लागतात, म्हणून त्याच्याकडून ते मोठ्यानं दोनदा वाचून घेतलं.