डोंगरावरचे खलाशी

खलाशी जमिनीवर चालायचे ते भांबावल्यासारखे. उंबरठ्याला ठेच, ओट्याला ठेच, सपाट अंगणातही पाऊल चाचपून टाकायचे. पण मनोऱ्याच्या लोखंडी शिडीला हात लागला की माणूस निराळाच होई. चपला खाली काढायच्या, कमरेचा पट्टा एकदा ओढून पाहायचा, आणि मग एका लयीत, धाप न लागू देता वर जायचं. धुक्याच्या दिवसांत आधी त्यांचं डोकं नाहीसं व्हायचं, मग पाठ, मग नुसत्या टाचा उरायच्या आणि त्याही जायच्या. वरून पान्याची टणटण ऐकू आली की समजायचं, पोचले.

मोखाड्याहून सूर्यमाळेकडे जाताना एका उघड्या टेकडीवर टीव्हीचं सहक्षेपण केंद्र होतं. मी तिथं तंत्रज्ञ म्हणून कामाला होते. उपग्रहाकडून आलेलं चित्र अंगणातल्या मोठ्या छत्रीत उतरायचं, माझ्या खोलीतल्या ट्रान्समीटरमध्ये जोर धरायचं, जाड केबलमधून मनोरा चढायचं आणि वरच्या अँटेनातून दऱ्याखोऱ्यांतल्या पाड्यांवर पसरायचं. खोलीत दिवसभर यंत्राचा गुणगुणाट असे. बाहेर भाताची खाचरं, वरकस माळावरची नाचणी आणि वारा. त्या आवाजात कितीदा तरी मला बसल्या जागी स्वप्न पडल्यासारखं व्हायचं.

त्यांचं खरं नाव हजेरीपुरतं. मनोरे उभारणाऱ्या माणसांना खलाशी म्हणतात, म्हणून ते खलाशी. ते मूळचे हर्णैकडचे, पण बोटीवर कधी गेले नव्हते. आमचा मनोरा उभारायला आलेल्या टोळीत ते होते. टोळी गेली, ते देखभालीसाठी राहिले. मनोरा कसा उभा राहिला ते फार आवडीनं सांगत. आधी चार पाय, मग मधोमध कप्पी लावलेला एक खांब. त्या खांबावरून वरचा तुकडा दोरानं ओढून घ्यायचा, बोल्ट आवळायचे, आणि मग तो खांबच आणखी वर सरकवायचा. "बाई, मनोरा बाहेरून कोणी बांधत नाही," ते म्हणायचे. "तो आपल्याच खांद्यावर चढत जातो."

खाली आले की पाड्यावरची माणसं त्यांना विचारत, वरून काय दिसलं. ते दिसलं तेवढंच सांगत. खालच्या दरीत ढग भरलाय, वैतरणेचं पाणी चकाकतंय. बुधीआजी मात्र दर बाजाराच्या दिवशी फाटकाशी थांबून एकच विचारायची. तिचा मुलगा आणि सून दिवाळीनंतर वाडा तालुक्यात वीटभट्टीवर गेले होते. सून पोटुशी असताना गेली होती. पाड्यावर फोनला रेंज नव्हती.

"मामा, तठून भट्टी दिसते का रं?"

"धूर दिसतो, आये. कुठल्या भट्टीचा ते नाही कळत."

"पोर नाही दिसत?"

"माणूस एवढ्या लांबून नाही दिसत."

ती मान हलवून निघून जायची, आणि पुढच्या बाजाराला पुन्हा तेच. एकदा मी त्यांना म्हटलं, "बरी आहेत म्हणून सांगून टाका की. तेवढंच तिला बरं वाटेल." खलाशांनी कमरेचा पट्टा सोडून खुंटीला अडकवला. मग म्हणाले, "वरून बघणाऱ्यानं खोटं बोललं तर खालच्यानं कोणाला विचारायचं?"

त्या महिन्यात त्यांनी रजा घेतली. आम्हांला वाटलं, गावाला गेले असतील. परतले ते पायांवर लाल धूळ घेऊन, आणि घरी न जाता थेट बुधीआजीच्या झोपडीकडे. मीही मागोमाग गेले. आजी नाचणी पाखडत होती.

"वरून दिसेना, म्हणून खाली जाऊन बघून आलो," ते म्हणाले. "नात झाली तुला. सून बरी आहे. पोरगी रडते मोठ्यानं."

आजीनं सूप खाली ठेवलं. "कोनावाणी आहे?"

"डोळे मिटलेले होते, आये. उघडले की सांगेन."

किती भट्ट्या पालथ्या घातल्या, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

पुढं काही वर्षांनी ते प्रक्षेपण बंद करायचा हुकूम आला. घरोघरी डिशच्या लहान छत्र्या बसल्या होत्या. ठरलेल्या दिवशी भर दुपारी मी ट्रान्समीटर बंद केला. गुणगुणाट थांबला तेव्हा भिंतीच मागं सरकल्यासारख्या वाटल्या. बाहेर खलाशी मनोऱ्याच्या पायावर तळहात ठेवून उभे होते. "थांबला," एवढंच म्हणाले.

मनोरा उतरवायला कंत्राटदार आला. त्याला पाय कापून तो उतारावर पाडायचा होता, एका दिवसाचं काम. खलाशी त्याला म्हणाले, "चढवताना एकेक तुकडा चढवला. उतरवतानाही तसाच उतरवू. खाली लोकांची शेतं आहेत." तो कुरकुरला, पण ऐकलं. आता त्यांचं वय झालं होतं, वर सोडायला कोणी तयार नव्हतं, म्हणून ते खाली उभे राहून हातांच्या खुणांनी काम चालवत होते. तळहात वर म्हणजे ओढ, मूठ म्हणजे थांब, बोटं हलली की हळूहळू सोड. ओरडणं नाही, काही नाही. आभाळातून लोखंड पिसासारखं खाली येत होतं.

मनोरा गेला, पण संध्याकाळी थव्यानं भिंगऱ्या आल्या. नेहमी त्याच्या जाळीत बसायच्या. आता त्या त्याच उंचीवर, रिकाम्या हवेत घिरट्या घालत राहिल्या. खलाशी बराच वेळ मान वर करून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना गावी जायचं होतं. सकाळी त्यांनी पाड्यावरून एक लांब बांबू आणला, पायव्याच्या काँक्रीटमध्ये उभा केला आणि चहूकडून दोर ताणून बांधला. प्रत्येक दोर बोटानं छेडून पाहिला. "उंची कमी आहे," ते म्हणाले, "पण घेतील चालवून." दुपारच्या एस.टी.नं ते गेले.

संध्याकाळी मी केंद्राला कुलूप लावून निघाले तेव्हा दोरांवर भिंगऱ्या ओळीनं बसल्या होत्या.

जव्हारला पोचल्यावर रेंज आली, तसा मी त्यांना फोन केला. मी काही म्हणायच्या आत ते म्हणाले, "बसल्या का?"

"बसल्या."

पलीकडून एस.टी.च्या खिडकीतला वारा ऐकू येत होता. ते वारले त्याच वर्षीच्या पावसाळ्यात. त्यांच्याशी माझं शेवटचं बोलणं ते एवढंच.